बादलीत उरलेलं: कॉनोडॉन्ट प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पक्का झाला. स्पितीतल्या पिन खोऱ्यात मुध नावाचं गाव आहे, तिथली चुनखडी. पाच पिशव्या, सगळं मिळून सहा किलोच्या आसपास. सरांनी गेल्या उन्हाळ्यात आणलेली. पिशव्यांवरचे मार्करचे आकडे अर्धे पुसलेत. काम सांगायला सोपं आहे: दगड आम्लात विरघळवायचा, तळाशी उरलेल्या गाळातून कॉनोडॉन्ट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे सूक्ष्म दात, वेचायचे आणि त्यांच्यावरून थराचं वय सांगायचं.

सरांनी प्रकरणं आखून दिली. दुसऱ्या प्रकरणासमोर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, "कॉनोडॉन्ट म्हणजे काय, शरीररचना, वर्गीकरण. एक पान पुरे."

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "महाराष्ट्रातले दगड संपले का गं?" प्रश्न रास्त आहे. पण आपला काळा दगड म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि कॉनोडॉन्ट ट्रायासिक काळाच्या शेवटी, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच संपले. त्यात ते समुद्रातले. अख्खा सह्याद्री बादलीत घातला तरी एक दात निघायचा नाही.

११ जुलै

पहिली पिशवी फोडली. सुपारीएवढे ते लिंबाएवढे तुकडे, प्लॅस्टिकच्या बादलीत जाळीवर ठेवले, वरून दहा टक्के असेटिक आम्ल. इनोसारखा फेस आला. लॅबचे मामा दारातूनच म्हणाले, "ताई, चायनीजची गाडी लावलीय का?" वास खरंच तसाच आहे, व्हिनेगरचाच तो.

तत्त्व एवढंच की सौम्य आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, कॅल्शियम फॉस्फेट तग धरतं. कॉनोडॉन्टचे दात फॉस्फेटचे, आपल्या दाताहाडांच्याच जातकुळीतल्या खनिजाचे. म्हणून दगड जातो आणि दात राहतात.

१९ जुलै

बादलीत घाईने काही होत नाही. आम्ल दर आठवड्याला बदलायचं, मधल्या काळात वाचायचं. त्या "एका पाना"साठी वाचायला घेतलं.

१८५६ मध्ये क्रिस्टियान हाइनरिश पांडर यांनी बाल्टिक भागातल्या खडकांतून हे सूक्ष्म दात काढून पहिल्यांदा त्यांचं वर्णन केलं. शंकूसारखे दात म्हणून कॉनोडॉन्ट. त्यांना ते माशांचे वाटले. पुढची सव्वाशे वर्षं हा प्राणी कुणाला किड्याच्या जबड्यात दिसला, कुणाला गोगलगायीच्या जिभेत, कुणाला कवचधाऱ्यांत. वनस्पतीशी नातं लावणारेही निघाले. हसू येतं, पण त्यांच्या हातात होतं काय? अर्ध्या मिलिमीटरचे चमकदार काटे, फण्या आणि खडबडीत पाट्या. अंगाचा पत्ता नाही. जो जे ओळखत होता ते त्याला त्यात दिसलं.

त्यात आणखी घोळ म्हणजे प्रत्येक आकाराला स्वतंत्र जातीचं नाव दिलं जात होतं. एखाद्या वाड्याच्या उकिरड्यातून किसणी, झारा, उलथनं आणि पळी निघावी आणि उत्खनन करणाऱ्याने चार वेगवेगळी घरं मोजावीत, तसं. १९३४ मध्ये जर्मनीत हेर्मान श्मिट आणि अमेरिकेत हॅरॉल्ड स्कॉट या दोघांना, एकमेकांशी संबंध नसताना, खडकाच्या थरावर वेगवेगळ्या आकारांचे दात एकाच जागी, ठरावीक मांडणीत पडलेले सापडले. म्हणजे सगळी भांडी एकाच स्वयंपाकघरातली. तरी सुट्या दातांची जुनी नावं सुटता सुटत नव्हती. वय काढणाऱ्यांचं त्यांच्यावर छान चाललं होतं, प्राणी कोण याची त्यांना गरजच नव्हती.

खरं सांगायचं तर माझ्या प्रकल्पालाही नाही. एक पान पुरे.

२ ऑगस्ट

पहिल्या पिशवीचा गाळ चाळला, वाळवला, जड द्रवात सोडला. सोडियम पॉलिटंगस्टेटची घनता २.८ च्या आसपास ठेवली की क्वार्ट्ज आणि उरलासुरला कॅल्साइट वर तरंगतो, दात बुडतात. द्रव महाग आहे, शेवटचा थेंबसुद्धा गाळून परत बाटलीत. पूर्वी यासाठी ब्रोमोफॉर्म वापरायचे, ते विषारी. आम्ही सुदैवी.

मग वेचणी. खाली काळा, वर चौकटी आखलेला ट्रे, द्विनेत्री सूक्ष्मदर्शक, तीन शून्यांचा ब्रश ओला करून. दोन तास बसले, काही नाही. मान आखडली. सरांना म्हटलं, "पिशवी रिकामी आहे बहुतेक." त्यांनी डोळा लावला, ट्रे जरा तिरका केला आणि म्हणाले, "काळ्या ट्रेमध्ये काळे दात शोधतेयस."

पुस्तकांत ते मधासारखे, पिवळसर पारदर्शक दाखवतात म्हणून तेच डोळ्यात बसलं होतं. आमचे गडद तपकिरी, काही थेट काळे. पिवळ्या कार्डपेपरचा तुकडा कापून ट्रेच्या तळाला घातला. पंधरा मिनिटांत पहिला दिसला. मिलिमीटरच्याही आतली फणी, वर एका ओळीत टोकदार काटे, खाली एका टोकाला खळगा. निओस्पॅथोडस, कॉनोडॉन्टचाच एक प्रकार. ब्रशच्या टोकावर चढला आणि तिथेच चिकटून बसला, स्लाइडवर उतरेना. श्वास रोखून उतरवला.

आज एकूण सात.

५ ऑगस्ट

काळेपणाचं कारण. दातात सेंद्रिय द्रव्याचा अंश असतो. खडक जमिनीत जितका खोल गाडला जाऊन तापतो, तितका तो अंश जळून दात पिवळ्याचा तपकिरी, मग काळा होतो. अमेरिकेच्या भूविज्ञान सर्वेक्षणातल्या अनिता एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी दात भट्टीत तापवून याची मोजपट्टी बनवली, १९७७ मध्ये. १ म्हणजे फिकट पिवळा, जेमतेम ५० ते ८० अंश. ५ म्हणजे काळा, ३०० अंशांच्या वर. तेल कंपन्यांना ती वरदान ठरली, कारण तेल कुठे टिकलं असेल आणि कुठे करपलं असेल ते दातांच्या रंगावरून कळतं. हिमालयातून आलेले दात भाजलेले असणार, याचं मला नवल वाटायला नको होतं.

२३ ऑगस्ट

तोतये.

एक: अमेरिकेत मोंटाना राज्यात बेअर गल्च नावाची कार्बनिफेरस काळातली चुनखडी आहे. १९७३ मध्ये विल्यम मेल्टन आणि हॅरॉल्ड स्कॉट यांनी (हो, तेच १९३४ वाले) तिथला एक मऊ अंगाचा, चपटा प्राणी दाखवून सांगितलं की हाच तो कॉनोडॉन्टचा प्राणी. त्याच्या पोटात कॉनोडॉन्टचे दात होते. गडबड तिथेच होती. दात तोंडात नव्हते, पोटात होते! पुढे लक्षात आलं की तो कॉनोडॉन्ट खाणारा होता. कोंबडी खाल्लेल्या माणसाच्या पोटात हाडं पाहून त्यालाच कोंबडी ठरवण्यातला प्रकार.

स्कॉट यांच्याबद्दल वाईट वाटलं. तरुणपणी बरोबर मांडणी सापडली आणि चाळीस वर्षांनी तिचा मालक चुकीचा निघाला.

दोन: कॅनडातल्या बर्जेस शेल नावाच्या खडकातला ओडोन्टोग्रिफस हा प्राणी. १९७६ मध्ये सायमन कॉनवे मॉरिस यांनी एकुलत्या एका नमुन्यावरून, तोंडाभोवतीच्या दातांसारख्या खुणा पाहून तो कॉनोडॉन्टवाला असावा असं मांडलं. पुढे बरेच नमुने मिळाले आणि २००६ मध्ये त्या "दातांच्या" जागी गोगलगायीसारखी दंतपट्टी निघाली. मृदुकाय प्राण्यांकडचा.

या दोन्हींत जीवाश्म उत्तम टिकलेले होते. टिकलेलं काय आहे ते वाचण्यात चूक झाली. वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: दात कुठे आहेत ते बघ.

१८ सप्टेंबर

माझी चूक. लिहून ठेवायला हवी.

गणपतीत गावी जायचं होतं. दुसऱ्या पिशवीचं विरघळणं रेंगाळत होतं. जायच्या आदल्या दिवशी बादलीतलं जुनं पाणी सगळं ओतून दिलं, ताजं आम्ल घातलं, तेही नेहमीपेक्षा कडक, म्हणजे येईपर्यंत काम उरकेल. बादलीत दगड जेमतेम दोन मुठी उरला होता. आज येऊन गाळ काढला. दात आहेत, पण पांढुरके, खरबरीत, जणू साखरेच्या गोळ्या चघळून थुंकल्यात. काट्यांची टोकं गेली.

सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "जुनं पाणी का ओतलंस?" जुन्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम असिटेट असतं, ते आम्लाची धार बोथट ठेवतं. ते नसलं आणि खायला चुनखडीही पुरेशी नसली की आम्ल फॉस्फेटकडे वळतं. स्वीडनमधल्या लुंडच्या लेनार्ट येप्सन यांनी १९८५ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. पेपर माझ्या फोल्डरमध्ये होता. न उघडलेला.

त्या पिशवीतून सोळा निघाले, त्यातले पाच ओळखण्याजोगे. ओळखू आले ते सगळे जाडजूड, तोंडात मागे असणारे. नाजूक, लांब काट्यांचा एकही नाही. एखाद्याने माझा गाळ तपासून "या प्राण्याला नाजूक दात नव्हतेच" असं लिहिलं तर? समुद्राने, दगडाने आणि मी, तिघांनी मिळून निवड केलीय.

३० सप्टेंबर

ग्रँटन. हा भाग रात्री दीडपर्यंत वाचत बसले.

एडिनबरोच्या ग्रँटन किनाऱ्यावर कार्बनिफेरस काळातला, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा एक पातळ थर आहे, कोळंबीसारख्या प्राण्यांसाठी प्रसिद्ध. तिथून १९२० च्या दशकात गोळा केलेले दगड ब्रिटनच्या भूविज्ञान सर्वेक्षणाच्या कपाटात पडून होते. १९८२ मध्ये यूअन क्लार्कसन ते कप्पे उघडून कोळंब्याच बघत होते. एका दगडावर साधारण ४० मिलिमीटर लांब आणि दोनेक मिलिमीटर रुंद, अळीसारखा डाग. त्याच्या एका टोकाला दातांचा जुडगा. पोटात नाही, टोकाला! १९८३ मध्ये डेरेक ब्रिग्ज, क्लार्कसन आणि रिचर्ड ऑल्ड्रिज यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. साठेक वर्षं कॉनोडॉन्टचा प्राणी कपाटात बसून होता आणि लोक जगभर त्याला शोधत होते. आमच्या विभागाच्या मागच्या खोलीतली कपाटं आठवली.

फोटो मोठा करून भाग एकेक करून वहीत उतरवून घेतला. अगदी पुढे दोन गोलसर काळे डाग. आधी ते नुसते डोक्याचे उंचवटे मानले, पुढे त्यांच्यात डोळे ओळखले गेले. डोळ्यांच्या मागे, खालच्या अंगाला, दात. अंगाच्या लांबीभर दोन समांतर रेघा, त्या पृष्ठरज्जूच्या, म्हणजे पाठीतल्या लवचीक दांडीच्या, कडा. दोन्ही बाजूंना व्ही आकाराचे स्नायूखंड, एकामागे एक, बांगड्याच्या शिजलेल्या मांसाच्या पाकळ्यांसारखे. शेपटाला पर, त्यात काड्या. स्नायू टिकले ते फॉस्फेटमुळे: मऊ भाग पूर्ण कुजायच्या आत त्यांच्या जागी खनिज बसलं.

गंमत म्हणजे पहिल्या लेखात त्यांनी प्राण्याला थेट कणा असलेल्यांच्या पंगतीत बसवलं नाही, स्वतंत्र संघात ठेवलं. आणखी नमुने मिळाल्यावर, १९८६ मध्ये, पृष्ठरज्जूवाल्यांत आणलं. एका डागावरून उडी न मारण्याचं हे शहाणपण मला आवडलं. तोतये डोळ्यांसमोर असणार.

आता एक पान पुरणार नाही.

९ ऑक्टोबर

प्रकल्पाबाहेरचा उद्योग. सरांना सांगितलेला नाही.

२०१० मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या रॉब सॅन्सम, सॅरा गॅबट आणि मार्क पर्नेल यांनी ॲम्फिऑक्सस (माशासारखा, पण कणा नसलेला छोटा प्राणी) आणि लॅम्प्रेची (वामीसारखा, जबडा नसलेला मासा) पिल्लं कुजवली आणि कुठला अवयव कधी नाहीसा होतो याची नोंद ठेवली. कुजण्याला क्रम असतो, तो मनमानी नाही. आणि तो क्रम खोडसाळ आहे: ज्या खुणांवरून "हा कणा असलेल्या प्राण्यांच्या अगदी जवळचा" हे कळतं त्या आधी जातात. पृष्ठरज्जू, स्नायूखंड अशा सगळ्याच समपृष्ठरज्जू प्राण्यांत सापडणाऱ्या खुणा मागे राहतात. परिणाम असा की अर्धवट कुजलेला प्रगत प्राणी दगडात आदिम दिसतो. त्याची जागा वंशवृक्षावर खाली घसरते.

हे वाचून स्वतः बघावंसं वाटलं. लॅम्प्रे कुठून आणणार? गणेश पेठेच्या मासळी बाजारातून चार बोंबील आणले. बोंबील हाडांचा मासा, तेव्हा तुलना लंगडी, हे मान्य. पण मऊपणात त्याचा हात कोण धरणार. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, झाकणाच्या बरणीत, वसतिगृहाच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवले.

दिवस २: पाणी गढूळ. अंगाचा काचेसारखा पारदर्शकपणा गेला.
दिवस ४: डोळा खचला, पण काळं कडं शाबूत. ग्रँटनच्या दोन डागांचं हेच असणार. डोळ्यातला मऊ भाग जातो, रंग आणि कूर्चा मागे राहतात.
दिवस ६: कातडी सुटून तरंगतेय. स्नायू एकेका पाकळीने वेगळे. जबडा लोंबकळतोय.
दिवस ९: डोकं म्हणजे नुसता ढीग. शेपटीकडचा भाग अजून "मासा" म्हणून ओळखू येतो. खोलीतली मैत्रीण बोलत नाहीये.

१९ ऑक्टोबर

बरणी रिकामी केली, लॅबच्या ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून. ढवळून, भरपूर पाणी सोडून, वरची घाण वाहू दिली. चाळणीवर मणके, काही केसांसारखे काटे आणि तळाला काहीतरी चमकणारं. ब्रशने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. दात. बोंबलाचे बारीक, मागे वळलेले, सुईसारखे, पारदर्शक दात, तीसेक तरी असतील. पिवळ्या कार्डावर पसरले. लहान-मोठे, सरळ-वाकडे, पाच-सहा नमुने सहज पडले. मला माहीत होतं म्हणून एक मासा. माहीत नसतं तर पाच-सहा जाती केल्या असत्या.

चाळणीला मासळीचा वास राहिला. मामांनी ती दोन वेळा साबणाने घासली आणि माझ्यासमोर ठेवत म्हणाले, "पुढच्या वेळी कोथिंबीर पण आणा." सरांपर्यंत गेलंच. त्यांनी बोंबलाचे दात पाहायला मागितले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "फोटो काढून ठेव. प्रबंधात घालू नकोस."

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर. तिसरी पिशवी संपली, एकवीस दात, सगळे नीट. आता जुनं पाणी अर्धं ठेवते.

दक्षिण आफ्रिकेतला सूम शेल नावाचा खडक, ऑर्डोव्हिशियन काळाच्या शेवटचा, सुमारे ४४.५ कोटी वर्षांचा. तिथला प्रोमिसम नावाचा जीवाश्म आधी चक्क जमिनीवरची आद्य वनस्पती म्हणून नोंदवला गेला. १९९० मध्ये कळलं की ते कॉनोडॉन्टचे दात आहेत, आणि मोठे. तोंडात १९ दात. १९९५ मध्ये गॅबट, ऑल्ड्रिज आणि थेरॉन यांनी याच प्राण्याचे टिकलेले स्नायू दाखवले. इथे स्नायूंची जागा फॉस्फेटने नाही, चिकणमातीच्या खनिजाने घेतलीय, आणि तंतूंपर्यंतचा तपशील उरलाय. अंदाजे लांबी ४० सेंटिमीटर. बोटभर अळीची कल्पना करून बसलेल्या मला हा धक्का होता. हा तर बऱ्यापैकी वाम.

त्यात डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या खुणाही आहेत. ॲम्फिऑक्ससला असे डोळेच नाहीत. डोळा वळवून बघणारा प्राणी म्हणजे कणा असलेल्यांच्या घराण्यातला, हा युक्तिवाद मला दातांपेक्षा जास्त पटतो.

८ डिसेंबर

कॉनोडॉन्टच्या तोंडाची प्रतिकृती बांधली. जीआय तार आणि एम-सील, मापात साधारण शंभरपट. कॉनोडॉन्टांच्या ओझार्कोडिनिड नावाच्या गटाची मांडणी: पुढे मधोमध एक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार लांब काट्यांच्या फण्या, त्यांच्या वर दोन कुदळीसारखे, मागे दोन जोड्या जाड पाट्या. नऊ, दोन आणि चार, पंधरा. पुढच्या फण्यांनी पकडायचं, मागच्या पाट्यांनी कापायचं, चिरडायचं. जबड्याचं हाड नाही, वर-खाली उघडमीट नाही. डावे-उजवे दात एकमेकांवर येतात. अडकित्ता आडवा धरल्यासारखं.

पंधरा तुकडे दोऱ्यांनी खोक्यात टांगले आणि फोनने फोटो काढले: वरून, बाजूने, समोरून, तिरके. मार्क पर्नेल आणि फिलिप डोनोह्यू यांनी १९९७ मध्ये हेच केलं होतं. थरावर सापडणाऱ्या जुडग्यांत दात कधी समांतर, कधी पंख्यासारखे, कधी एकावर एक दिसतात. त्यावरून पूर्वी वेगवेगळ्या मांडण्या सुचवल्या गेल्या होत्या. पण मेलेला प्राणी कुशीवर पडला, पालथा पडला की तोंडावर आपटला, एवढ्याने चित्र बदलतं. माझा बाजूने काढलेला फोटो छापलेल्या एका जुडग्यावर ठेवून पाहिला. फण्या तंतोतंत नाही पण पुष्कळशा जुळल्या. मांडणी एकच, पडण्याच्या तऱ्हा अनेक.

रात्री एम-सीलचा एक कुदळ-दात दोऱ्यावरून पडून तुटला. माझ्या प्राण्याला आता चौदाच आहेत.

१७ जानेवारी २०२५

भांडणाचा भाग. हे दात आपल्या दातांचे पूर्वज आहेत का?

१९९२ मध्ये आयव्हन सॅन्सम आणि सहकाऱ्यांनी दातांचे पातळ छेद घेऊन त्यात एनॅमलसारखा थर आणि पेशींच्या पोकळ्या असलेलं हाड दिसतं असं सांगितलं. म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांतल्या कठीण ऊतींची सुरुवात इथून, आणि ती अंगावरच्या हाडांच्या चिलखतापासून नाही, दातांपासून! मोठा दावा. २०१३ मध्ये डंकन मर्डॉक आणि इतरांनी सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्राच्या क्ष-किरणांनी दात न फोडता आतून पाहिले. आधीच्या साध्या पॅराकॉनोडॉन्टपासून खऱ्या कॉनोडॉन्टपर्यंतच्या पायऱ्या लावल्यावर दिसलं की तो एनॅमलसारखा मुकुट याच घराण्यात नंतर, स्वतंत्रपणे आला. आपल्या दाताशी साम्य आहे, वारसा नाही. वटवाघळाचा पंख आणि पाखराचा पंख, तसं.

मग काहीजण म्हणतात, दातच आपले नाहीत तर प्राणीही कणा असलेल्यांतला नाही. २०१० मध्ये सुझन टर्नर आणि ॲलन ब्लिएक यांच्या गटाने तशी मांडणी केलीय. हे मला पटत नाही. दातांचा पुरावा काढून घेतला तरी डोळे, स्नायूखंड, पृष्ठरज्जू, शेपटाच्या परातल्या काड्या जागेवरच आहेत. आणि "अमुक अवयव दिसत नाही" या आक्षेपावर माझं उत्तर गच्चीवरच्या बरणीत आहे: नव्हता, की आधी कुजला? ग्रँटनचा दगड हे सांगू शकत नाही.

अलीकडच्या मांडण्यांत त्यांना चक्रमुखी प्राण्यांच्या, म्हणजे हॅगफिश-लॅम्प्रेच्या बाजूला बसवतात. २०१९ मध्ये एका जीवाश्म हॅगफिशच्या अभ्यासातून वंशवृक्ष पुन्हा काढला तेव्हाही ते तिकडेच गेले. जबडा नाही, लांबट अंग, तोंडात आडवे चालणारे दात. हॅगफिशचे दात केराटिनचे, आपल्या नखांच्या द्रव्याचे, ते सहसा उरत नाहीत. कॉनोडॉन्टने त्या जागी फॉस्फेट वापरलं म्हणून आज माझ्या बादलीत आला. मी याच बाजूची आहे.

३ फेब्रुवारी

दुसरं प्रकरण अकरा पानं झालं. सरांनी लाल पेनने "१" वर्तुळ करून पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि मग पानं वाचत बसले. ग्रँटनचा परिच्छेद छाटला, बर्जेस शेलचा ठेवला, "थोतांड" हा शब्द खोडून "गैरसमज" केला. एका ठिकाणी समासात लिहिलं, "झिजेचं काय?"

खरंच राहिलं होतं. १९९५ मध्ये पर्नेल यांनी दातांच्या पृष्ठभागावर ओरखडे आणि खड्डे दाखवले, म्हणजे हे खाण्यासाठीच वापरले जात, पाणी गाळण्याच्या गाळणीचे आधार नव्हेत. पण दात तर बाहेरून थर चढत वाढतो, म्हणजे त्यावर ऊती असणार. ऊतीखाली झाकलेला दात झिजणार कसा? बहुधा पाळीपाळीने: वापर, मग झाकून नवा थर, पुन्हा वापर. एक परिच्छेद वाढला. अकराची साडेअकरा.

२६ फेब्रुवारी

शेवटची, पाचवी पिशवी. सगळ्या मिळून त्र्याहत्तर दात. पुढच्या लांब काट्यांच्या फण्या त्यात फक्त चार, त्याही तुटक्या. एका तोंडात नऊ फण्या आणि चार पाट्या, आणि माझ्या स्लाइडवर नेमकं उलटं प्रमाण.

दुपारी चौथ्या ट्रेमध्ये, कडेच्या चौकटीत, एक विचित्र तुकडा. आधी वाटलं खडकाचा कण चिकटलाय. ब्रशने फिरवला. दोन फण्या, शेजारीशेजारी, काटे एकाच दिशेला, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. पाणी लावून सोडवायला ब्रश टेकवणार तेवढ्यात सर मागून म्हणाले, "थांब. हात लावू नकोस."

त्यांनी पाहिलं. मग मी पाहिलं. मग मामांनीही पाहिलं. सरांचं म्हणणं, नंतर साठलेल्या खनिजाने योगायोगाने जोडले असतील. किंवा एकाच तोंडातले असतील, होते तसेच. इथून सांगता येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ २० मार्चची मिळाली आहे. तोवर वेगळ्या स्लाइडमध्ये, डिंक न लावता ठेवलाय आणि स्लाइडवर पेन्सिलने दोन्ही दातांना मिळून एकच नंबर लिहिलाय.